ड्यूक की एमटी? आमच्या घरातला एक तुलनात्मक अभ्यास

मंडळाच्या बैठकीत प्रत्येकाने अंकासाठी आपापला विषय सांगायचा होता. कुणी कादंबरी घेतली, कुणी सीमाभागातली बोली घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "दोन मोटरसायकलींची तुलना." सगळे हसले. एका मैत्रिणीने विचारलं, "वाङ्मय मंडळात गाड्या?" सर मात्र म्हणाले, "तुलनात्मक अभ्यास आहे ना? मग चालेल." आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर हा अभ्यास मी अंकासाठी केलाच नव्हता. तो घरासाठी केला होता. माझा धाकटा भाऊ डिप्लोमा संपवून गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. दर शनिवारी संध्याकाळी घरी यायचं, सोमवारी पहाटे परत जायचं. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी आणि पुढे खाली. त्याला गाडी हवी होती. त्याच्या मनात दोन नावं होती : केटीएमची २०० ड्यूक आणि यामाहाची एमटी-१५.

बाबांनी पैसे बाजूला ठेवले होते, पण मन घट्ट होत नव्हतं. बरीच वर्षं झाली, माझे काका याच घाटात पावसात घसरले होते. जीव वाचला, पण ते अजून लंगडतात. त्या दिवसापासून आमच्या घरात 'बाईक' हा शब्द जरा हळू आवाजात बोलला जातो. एका रात्री जेवताना बाबा मला म्हणाले, "तू फिजिक्स शिकतेस ना? मग या दोन्हींतली कोणती बरी ते नीट मांडून दाखव. त्याचं ऐकू नकोस, माझंही ऐकू नकोस."

स्वतःचंही ऐकू नकोस असं ते म्हणाले, त्याला कारण होतं. तरुणपणी बाबांकडे आरएक्स १०० होती. १९८५ साली भारतात आलेली ती ९८ सीसीची टू-स्ट्रोक यामाहा. तिचं नाव काढलं की बाबांचा चेहरा आजही उजळतो. म्हणजे परीक्षक आधीच एका बाजूला झुकलेला!

'नेकेड' म्हणजे काय?

या दोन्ही गाड्यांना 'नेकेड' म्हणतात. शब्द ऐकून आई दचकली होती, म्हणून आधी हेच सांगते. रेसिंगच्या गाड्यांना पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकचं आवरण असतं, त्याला फेअरिंग म्हणतात. ते नसलं, इंजिन आणि चेसिस उघडी दिसली, की ती नेकेड. तसं पाहिलं तर राजदूत, येझदी, बुलेट या सगळ्या उघड्याच होत्या, पण तेव्हा त्याला वेगळं नाव देण्याची गरज नव्हती. पुढे रेसिंगसारख्या झाकलेल्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि उघड्या गाडीला नाव मिळालं. १९९३च्या डुकाटी मॉन्स्टरने ही उघडी ठेवण असलेली गाडी जगभर लोकप्रिय केली.

आपल्या दोन्ही गाड्यांची झाकलेली भावंडंही आहेत. एमटी-१५चं आर१५, २०० ड्यूकचं आरसी २००. इंजिन तेच, बसण्याची पद्धत वेगळी. आर१५वर टाकीवर झुकावं लागतं. नेकेडवर हँडल उंच आणि रुंद असतं, पाठ बरीचशी सरळ राहते आणि गर्दीत गाडी वळवायला सोपी जाते. त्याची किंमत वारा वसूल करतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ५०चा वेग १०० केला तर अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. तो सगळा छातीवर घ्यावा लागतो. पण चोर्ला घाटात १००चा वेग हा प्रश्नच नाही, त्यामुळे उघडी गाडी हा भावाचा आग्रह मला पटला.

बाबांचा खडू आणि दोन सिलिंडर

बाबा उद्यमबागेत क्रँकशाफ्टच्या कारखान्यात काम करतात. बेळगावच्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप सगळ्यांना माहीत आहेत. आमचं घर त्यावरच चालतं. मी दोन्ही गाड्यांचे आकडे कागदावर लिहून आणले, तेव्हा बाबांनी 'पॉवर' सोडून आधी दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं : बोअर आणि स्ट्रोक.

बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरून खाली जितकं अंतर चालतो ते. बाबांनी फरशीवर खडूने क्रँक काढला आणि म्हणाले, "पिन मध्यापासून जितकी लांब, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. आम्ही दिवसभर हेच तर मोजतो."

एमटी-१५चा बोअर ५८ मिमी आणि स्ट्रोक ५८.७ मिमी. जवळजवळ चौकोनी. ड्यूकचा बोअर ७२ मिमी आणि स्ट्रोक फक्त ४९ मिमी, म्हणजे रुंद आणि बुटका. व्यासाचा वर्ग गुणिले पाय भागिले चार, त्याला स्ट्रोकने गुणा. पहिलीचं उत्तर १५५ सीसी येतं, दुसरीचं १९९.५. कला शाखेच्या मित्रांनो, करून बघा, जमतं.

रुंद-बुटक्या सिलिंडरचा फायदा काय? वरती मोठे व्हॉल्व्ह बसवायला जागा मिळते, त्यामुळे जोरात फिरताना इंजिनाला श्वास नीट घेता येतो. शिवाय पिस्टनला प्रत्येक फेरीत कमी धावावं लागतं. दोन्ही इंजिनं सगळ्यात जास्त ताकद मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर देतात. त्या वेळी एमटीचा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेएकोणीस मीटर धावतो, ड्यूकचा सव्वासोळा मीटर.

मग एमटीवाल्यांनी काय केलं? त्यांनी व्हॉल्व्हकडे लक्ष दिलं. समजा, हॉलला एकच दार आहे. चार माणसं यायची तर अर्धं उघडलेलं पुरतं, उलट पूर्ण उघडलं तर आतला गारवा बाहेर जातो. पण लग्नाची पंगत आत सोडायची तर दोन्ही फळ्या सताड उघडाव्या लागतात. इंजिनाचंही तसंच आहे. सावकाश फिरताना व्हॉल्व्ह थोडा उघडलेला बरा, जोरात फिरताना जास्त. एमटी-१५मध्ये आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हसाठी दोन वेगळ्या आकाराचे कॅम आहेत. साधारण ७,४०० फेऱ्यांपर्यंत लहान कॅम काम करतो, त्याच्या पुढे मोठा. या सोयीला व्हीव्हीए म्हणतात. ड्यूकमध्ये अशी अदलाबदल नाही. तिथे व्हॉल्व्हसाठी वर दोन कॅमशाफ्ट आहेत आणि मोठं सिलिंडर आहे.

'लांब स्ट्रोक म्हणजे जास्त टॉर्क' असं कट्ट्यावर नेहमी ऐकू येतं. ते अर्धवट आहे. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा पीळ, आणि तो मुख्यतः आत किती हवा-पेट्रोल जाऊन जळतं यावर ठरतो. एमटीचा टॉर्क ७,५०० फेऱ्यांवर १४.१ न्यूटन-मीटर, ड्यूकचा ८,०००वर १९च्या थोडा वर. सीसीने भागून बघा, दोघी जवळपास सारख्याच निघतात. म्हणजे ड्यूकचा जोर कुठल्या जादूतून येत नाही. ती मोठी आहे म्हणून येतो.

ताकद भागिले वजन

आता भावाची आवडती ओळ. ड्यूकची ताकद २५ पीएस, एमटीची १८.४. "ताई, हिशोब संपला!" तो म्हणाला. पण एमटी सुमारे १४० किलोची आहे आणि ड्यूक सुमारे १६०. हलकी गाडी कमी ताकदीतही चपळ असते. तेव्हा ताकदीला वजनाने भागायला हवं.

नुसत्या गाड्या घेतल्या तर ड्यूक सुमारे १९ टक्क्यांनी पुढे. पण गाडी एकटी चालत नाही. सत्तर किलोचा चालक बसवला की ड्यूकची आघाडी २४ टक्के होते. डबलसीट बसून दोघांचे मिळून १४० किलो धरले तर २७ टक्के. असं का? कारण वीस किलोंचा हलकेपणा हा एमटीचा फायदा आहे, आणि वर जितकं ओझं वाढेल तितका तो फायदा त्या ओझ्यात बुडत जातो.

हा हिशोब मी दोनदा तपासला, कारण मला तो अपेक्षित नव्हता. एकट्याने गावात फिरणाऱ्याला हलकी गाडी आणि दोघांना घेऊन घाट चढणाऱ्याला मोठं इंजिन. गाड्या त्याच, कागद तोच, पण बसणारी माणसं बदलली की फरक बदलतो.

जांबोटीच्या रस्त्यावर

कागद पुरे झाला म्हणून एका रविवारी आम्ही दोन्ही गाड्या मागून घेतल्या. एमटी भावाच्या मित्राची, ड्यूक आमच्या गल्लीतल्या एकाची. दोघेही मागे-पुढे राहून लक्ष ठेवून होते, आमच्यावर कमी आणि गाड्यांवर जास्त.

माझ्याकडे लायसन्स आहे, म्हणून मीही चालवल्या. माझी उंची पाच फूट दोन. एमटीची सीट ८१० मिमी उंच, ड्यूकची ८२२. बारा मिलिमीटर म्हणजे करंगळीची रुंदीसुद्धा नाही. तरी एमटीवर सिग्नलला पाय टेकवताना मला धीर वाटला. कारण उंचीपेक्षा वजन. गाडी एका बाजूला कलली की वीस किलो जास्त आहेत हे पायाला लगेच कळतं.

एमटी गावातून, गणपत गल्लीच्या गर्दीतून, सायकलसारखी वळते. हलकी आहे, दोन चाकांमधलं अंतर कमी आहे आणि टायर जरा अरुंद आहेत : पुढचा १००, मागचा १४० मिमी. ड्यूकचे ११० आणि १५०. ड्यूक मोकळ्या रस्त्यावर खुलते. एसटीला ओलांडायचं ठरवलं आणि मूठ पिळली की ती लगेच निघते, जास्त वेळ समोरच्या लेनमध्ये राहावं लागत नाही. मात्र तिला वरच्या गिअरमध्ये रेंगाळलेलं चालत नाही, एक गिअर खाली आणून चालवावी लागते.

चेसिसचाही फरक आहे. ड्यूकची लोखंडी नळ्यांची जाळी आहे, त्रिकोणांत जोडलेली, जुन्या रेल्वे पुलासारखी. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, म्हणून कमी धातूत जास्त ताठपणा मिळतो. एमटीची चेसिस डेल्टाबॉक्स पद्धतीची : हँडलच्या मानेपासून मागच्या चाकाच्या सांध्यापर्यंत दोन रुंद पट्ट्या जवळजवळ सरळ जातात. रस्ते दोन, मुक्काम एकच. वळणावर गाडी पिळवटू नये.

पेट्रोलचं गणित बाबांनी त्या दोघांनाच विचारलं. एमटीवाला म्हणाला, पंचेचाळीसच्या आसपास अ‍ॅव्हरेज. ड्यूकवाला म्हणाला, पस्तीस. पण २०२० नंतरच्या ड्यूकची टाकी तेरा लिटरहून मोठी आहे आणि एमटीची दहाची. म्हणजे एका टाकीत दोघीही साडेचारशे किलोमीटरच्या आसपास जातात. पंपावर थांबण्याची वेळ सारखीच. फरक पडतो तो खिशाला.

एक ओळ, जी आम्ही शेवटी वाचली

दोन दिवस आम्ही ताकद, वजन, टॉर्क, अ‍ॅव्हरेज यांवरून वाद घातला. मग काका घरी आले. त्यांनी माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढंच विचारलं, "ब्रेकचं काय?"

मी लिहिलं होतं की ड्यूकची पुढची डिस्क ३०० मिमी आणि एमटीची २८२ मिमी. काका म्हणाले, "डिस्क नको सांगू. चाक जाम होतं की नाही ते सांग. माझं झालं होतं."

चाक जाम होणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. फिरणारं चाक रस्ता धरून ठेवतं. ब्रेक जोरात दाबल्यावर चाक थांबलं पण गाडी पुढे चालूच राहिली, की टायर घसरतो. घसरणाऱ्या टायरला बाजूची पकड उरत नाही. मागचं चाक जाम झालं तर शेपूट एका बाजूला निघतं. पुढचं झालं तर सावरायला क्षणही मिळत नाही. एबीएस यावरचा उपाय आहे. चाकाजवळचा सेन्सर फेऱ्या मोजतो, चाक थांबायला आलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा लावतो, आणि हे सेकंदात अनेक वेळा करतो.

आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून, आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना एप्रिल २०१९ पासून. पण एकाच चाकाला, म्हणजे पुढच्या, एबीएस असलं तरी नियम पाळला जातो. याला सिंगल चॅनेल म्हणतात. दोन्ही चाकांना असेल तर ड्युअल चॅनेल.

आणि इथे सगळा हिशोब उलटा झाला. बाबांच्या पैशांत नवी गाडी बसत नव्हती, आम्ही वापरलेली बघत होतो. २०० ड्यूक भारतात २०१२ साली आली, पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होऊन. सुरुवातीची कित्येक वर्षं तिला एबीएस नव्हतं. २०१८च्या अखेरीस पुढच्या चाकाला मिळालं आणि २०२०च्या मॉडेलपासून दोन्ही चाकांना. एमटी-१५ इथे मार्च २०१९ मध्ये आली ती सिंगल चॅनेल घेऊन. दोन्ही चाकांचं एबीएस २०२३ पासून. म्हणजे 'ड्यूक चांगली की एमटी' हा प्रश्नच अपुरा होता. कोणत्या सालची ड्यूक आणि कोणत्या सालची एमटी? टाकीवरचं नाव तेच राहतं, आतली गाडी बदललेली असते.

भावाने जिच्यावर मन बसवलं होतं ती ड्यूक २०१७ची होती. चकचकीत, नवे टायर, भाव आमच्या आवाक्यातला. एबीएस नाही. काकांनी काहीच म्हटलं नाही, फक्त पाय जरा लांब करून बसले. भावाने त्या गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि आईचं काय?

एक गोष्ट राहिली. आईचं माहेर साखळीला, भावाच्या वाटेवरच. तो पहिल्यापासून म्हणत होता, "आई, दर महिन्याला तुला डबलसीट नेऊन सोडेन." मी डबलसीटचा २७ टक्क्यांचा हिशोब केला तो खरं तर तिच्यासाठीच.

जांबोटीहून परतल्यावर आम्ही तिला अंगणात दोन्ही गाड्यांवर मागे बसवून पाहिलं. नेकेड गाड्यांची मागची सीट बहुधा लहान, उंच आणि पुढे उतरती असते. ही ठेवण चालवणाऱ्यासाठी असते, मागे बसणाऱ्यासाठी नाही. साडी नेसून एका बाजूला बसायचं तर धरायला धड काही सापडत नाही. आई दोन्हींवर मिनिटभर बसली, खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "छान आहेत दोन्ही. मी कदंबानेच जाईन."

माझ्या कागदावर चोवीस ओळी होत्या. मागची सीट ही ओळ त्यात नव्हती. आकडा देता येतो तेवढंच मी मोजलं होतं.

शेवटी आम्ही २०२३ची एमटी घेतली, दोन्ही चाकांना एबीएस असलेली. २०२०च्या पुढची ड्यूक मिळाली असती आणि परवडली असती, तर कदाचित तीच घेतली असती. घाटात ओलांडताना तिचा जोर उपयोगी पडला असता. बाबा मात्र सगळ्यांना सांगतात की यामाहा ती यामाहाच. सांगू देत.

मित्रमैत्रिणींनो, चॅपलमागच्या आपल्या पार्किंगमध्ये या दोन्ही गाड्या रोज उभ्या असतात आणि त्यांच्यावरून वादही रोज होतात. वाद जरूर घाला. पण गाडी घ्यायची वेळ आली तर कागदावर पहिल्या ओळीत पॉवर लिहू नका. आधी तुमचा रस्ता लिहा, मग पाऊस, मग मागे कोण बसणार आहे ते, मग गाडीचं साल. पॉवरची ओळ त्याच्या खाली. आणि कागद पूर्ण झाला की तो घरात अशा माणसाला वाचायला द्या, जो कधीतरी पडला आहे.

सोमवारी पहाटे साडेचारला भाऊ निघतो. बाबा उठून गेटपर्यंत जातात, टायर दाबून बघतात. साखळीहून त्याचा फोन येईपर्यंत आई चहा ठेवत नाही. हे काही कुठल्या कंपनीच्या कागदावर लिहिलेलं नसतं, पण आमच्या तुलनेत मी ते आता शेवटची, पंचविसावी ओळ म्हणून लिहून ठेवलं आहे.